सिस्टरची सेवा मोजायची तरी कशी?

मैत्रिणींनो, आपला गट चांगला आहे की नाही हे बँक कशावरून ठरवते? "बायका फार मनमिळाऊ आहेत हो," एवढं सांगून कुणी कर्ज मंजूर करत नाही. बैठक नियमित होते का, बचत वेळेवर जमते का, अंतर्गत कर्ज फिरतं का, परतफेड होते का आणि दप्तर पूर्ण आहे का, या पंचसूत्रीवर गटाला गुण मिळतात. दवाखान्याबद्दल बोलताना मात्र आपण "तिथली सिस्टर लई चांगली" नाहीतर "तिथं नुसतं वसकन अंगावर येतात" एवढ्यावरच थांबतो.

खरं तर दवाखान्यात पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळ असते ती सिस्टरच. डॉक्टर राउंडला येतात, बघतात, लिहून देतात आणि पुढं जातात. ते लिहिलेलं पेशंटच्या अंगाला लागतं ते सिस्टरच्या हातून. आणि आजारपणासाठी गटातून कर्ज उचललेली ताई प्रत्येक गटात एखादी तरी असतेच. दोन दिवसांत सुटायचं माणूस दवाखान्यात दहा दिवस का राहिलं, याचा हिशेब कधी कधी औषधात नसतो, शुश्रूषेत असतो. म्हणून ती मोजता यायला हवी, आणि ती मोजता येते.

अडचण एकच आहे. चांगली शुश्रूषा डोळ्यांना दिसत नाही, कारण तिचं फळ म्हणजे "जे झालं नाही" ते. पेशंट कॉटवरून पडला नाही, सलाईनचा हात सुजला नाही, लघवीच्या नळीमुळे ताप आला नाही, चुकीची गोळी पोटात गेली नाही. न घडलेल्या गोष्टीचं कौतुक कोण करणार? म्हणून जगभरचे दवाखाने उलटीकडून मोजतात. अशा गोष्टी घडल्या किती, ते मोजतात.

यातलं सगळ्यात बोलकं माप म्हणजे बेडसोर, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पडणारी जखम. लकवा झालेला किंवा मांडीचं हाड मोडलेला माणूस स्वतःहून कूस बदलू शकत नाही. अंगाचा भार माकडहाड, टाचा, खुबा, कोपर अशा हाडाच्या जागी पडून राहतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेमटते, तिथला रक्तपुरवठा अडतो. आधी जागा लाल होते. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन कळत नाही, त्यामुळे हात लावून बघावं लागतं. जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळपट लागते. तिथं लक्ष गेलं नाही तर फोड येतो, कातडी फाटते आणि जखम हाडापर्यंतही जाऊ शकते. ती भरायला महिने लागतात, आणि आत जंतू गेले तर जिवावर बेततं.

हे टाळायला काय लागतं? साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, ओली चादर लगेच काढणं, कातडी कोरडी ठेवणं, पोटात डाळ-अंडं-दूध जाणं. दोन तासांनी म्हणजे २४ तासांत १२ वेळा. रात्री दोन वाजतासुद्धा. म्हणून महिनाभर पडून राहिलेल्या माणसाची पाठ स्वच्छ असेल, तर ती पाठ म्हणजे सिस्टरच्या कामाची पावतीच समजा. (घरी सासू-सासऱ्यांचं करणाऱ्या सुनांना हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या कामाची पावती कुणी देत नाही, ही वेगळी गोष्ट.)

मोजताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. जखम इथं झाली, की घरून येतानाच होती? म्हणून चांगल्या वॉर्डात पेशंट भरती झाल्याबरोबर पाठ बघून लिहून ठेवतात. दुसरं, नुसतं "दोन जणांना बेडसोर झाला" म्हणून काही कळत नाही. दहा खिळलेल्या पेशंटपैकी दोन आणि दोनशेपैकी दोन, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपण परतफेड टक्क्यांत का काढतो? त्याच कारणासाठी.

हे मोजण्याचं काम नवीन नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेल हे नाव आपण ऐकलेलं आहे, हातात कंदील घेतलेली बाई म्हणून. १८५४ मध्ये ती ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली. तिच्या हातात हिशेबाची वहीही होती, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. १८५५ च्या फेब्रुवारीत तिथं शंभरातले ४२ रुग्ण दगावत होते. मार्चमध्ये सरकारी पथकानं गटारं साफ केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आलं. लढाई संपल्यावर विल्यम फार या आकडेतज्ज्ञाबरोबर बसून तिनं सगळा हिशेब मांडला. सैनिक गोळीपेक्षा घाणीनं पसरणाऱ्या रोगांनी जास्त मेले, हे तिनं आकृत्या काढून सरकारपुढं ठेवलं. नुसती "सेवाभावी बाई" राहिली असती तर सरकारनं तिचं ऐकलं असतं का, मला शंका आहे.

आता आपल्या जवळचा विषय, बाळंतपण. इथं शुश्रूषा तीन टप्प्यांत बघायची. काय आहे, काय केलं आणि काय झालं. "काय आहे" म्हणजे ड्युटीवर सिस्टर आहे का, हात धुवायला पाणी-साबण आहे का, पडदा आहे का. "काय झालं" म्हणजे बाळ-बाळंतीण सुखरूप का. बहुतेक जणी पहिलं आणि शेवटचं विचारतात. खरी मेख मधल्या प्रश्नात आहे.

बाळंतपणात आई दगावण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वार पडल्यानंतरचा जादा रक्तस्राव. त्यासाठी बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत पिशवी आवळण्याचं इंजेक्शन द्यायचं असतं. त्यानंतर पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, पिशवी घट्ट आहे का आणि अंगावरून किती जातंय, हे बघायचं असतं. दोन तासांत आठ वेळा. बाळ तासाच्या आत छातीला लावायचं, चीक पाजायचा. साधं बाळंतपण असलं तरी ४८ तास दवाखान्यात ठेवायचं. घरी सोडताना धोक्याच्या खुणा तोंडी समजावून सांगायच्या. नुसता कागद हातात देणं म्हणजे सांगणं नव्हे.

आणि वागणूक? तीही गुणवत्तेतच येते. कळा देताना ओरडणं, मांडीवर चापट मारणं, वरून पोट दाबणं, याला कुठल्याही शास्त्रात जागा नाही. पोट दाबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं आहे. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्ये खास प्रसूतिगृहांसाठी 'लक्ष्य' कार्यक्रम सुरू केला. त्यात बाळंतिणीला मानानं वागवणं, पडदा, सोबतीला घरची बाई, हे सगळं तपासलं जातं, आणि आईचं समाधानही विचारलं जातं.

पण समाधान विचारण्यात एक गोम आहे. कॉटवर पडलेल्या बाईला "सेवा कशी वाटली?" विचारलं तर ती "चांगली" म्हणणार. बाळ हातात आल्याचा आनंद असतो, आणि पुन्हा याच दारात यायचंय ही भीतीही असते. म्हणून "कशी वाटली" विचारू नका, "काय काय केलं" विचारा. पहिल्या दोन तासांत सिस्टर किती वेळा येऊन पोटाला हात लावून गेली? बाळ छातीला कधी लागलं? दुखतंय का, असं कुणी विचारलं का, आणि सोळा आण्यांतलं किती आणे दुखत होतं? किती तास ठेवलं? कुणी पैसे मागितले का? आणि हे घरी, पंधरा दिवसांनी, चहा पिता पिता विचारा. उत्तरं वेगळी येतील.

कागदावरही डोळे झाकून विश्वास नको. चार्टवर आठ नोंदी असतात, पण एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या. न झालेल्या बैठकीचं प्रोसिडिंग कसं लिहिलं जातं हे आपल्याला कुणी शिकवायला नको! आकड्यावर फक्त शाबासकी किंवा शिक्षा मिळायला लागली की आकडा सुधारतो, काम तसंच राहतं.

आता सिस्टरच्या बाजूनंही बघू. दवाखान्याला गुण कमी पडले की आपण पहिलं बोट तिच्याकडे दाखवतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १६८ रुग्णालयांचा अभ्यास झाला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशन झालेल्या पेशंटबद्दल तो होता. एका परिचारिकेकडे एक जादा पेशंट आला की मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. सात टक्के म्हणजे शंभरात सात जादा मृत्यू नव्हेत. समजा हजारात २० दगावत असतील, तर साधारण २१-२२ होतील. पण हे दर एका जादा पेशंटमागे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या मापाप्रमाणे शिकाऊ डॉक्टर असलेल्या मोठ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच पेशंटमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीला आपल्या ग्रामीण रुग्णालयात किती असतात, ते मोजून या. तिच्याकडे २५ कॉट असतील तर दर दोन तासांनी कूस बदलणार कोण? तेव्हा तक्रार सिस्टरविरुद्ध नाही, रिकाम्या पदांविरुद्ध करायची. तसंच जिल्हा रुग्णालयात मृत्यू जास्त दिसतात म्हणून तिथली सेवा वाईट असंही नाही. अत्यवस्थ पेशंट तिकडेच पाठवले जातात.

मोजून काय होतं, हे बघायला लांब जायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला. जन्मल्यापासून महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण तिथं हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आलं. १९९९ मध्ये हे जगापुढं मांडलं गेलं. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हतं तिथलीही मोजणी ठेवली होती, म्हणून कुणाला "योगायोग आहे" म्हणता आलं नाही. आज आशाताई बाळ बघायला घरी येतात, त्यामागं हे काम आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्यांच्या सहा भेटी व्हायला हव्यात. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी.

महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचं कामही झालं आहे. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांपासून ते सुरू झालं. गावकऱ्यांनी आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले आणि ते तक्ते जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढं ठेवले. लिहिता न येणारी आजीसुद्धा लाल टिकली लावू शकते, ही त्यातली मोठी सोय.

ग्रामसंघाला हे करायचं असेल तर गेल्या सहा महिन्यांत बाळंत झालेल्या गावातल्या सगळ्या बायका घ्या. फक्त तक्रार असलेल्या नकोत आणि फक्त ओळखीच्याही नकोत. वर दिलेले पाच-सहा प्रश्नच विचारा. वहीत बाईचं नाव लिहू नका, आकडा घाला, आणि सिस्टरचंही नाव नको. किती जणींना विचारलं आणि त्यातल्या किती जणींना ४८ तास ठेवलं, असं दोन्ही लिहा. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत बचत गटाच्या बायका असतात, त्यांच्या हाती हा तक्ता द्या. दुसरी प्रत दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीला. आधी सिस्टरलाच दाखवा, तिचं म्हणणं तक्त्याखाली लिहून घ्या. प्रत दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका.