जुनी पुंगळी, नवे माप

रायफलीचा बार झाला की गोळी निघून जाते, दारू जळून जाते, आणि मागे उरते ती पितळेची रिकामी पुंगळी. आपल्या दृष्टीने ती भंगार. पण अमेरिकेत आणि युरोपातील काही देशांत नेमबाजीचा नाद असलेले लोक ती टाकून देत नाहीत. ती साफ करून, मापात आणून पुन्हा भरतात. तिथल्या कायद्याने त्याला मुभा आहे. त्यांतले काहीजण तर याच्याही पुढे जातात. एका जातीच्या रायफलीची पुंगळी घेऊन तिच्यातून दुसऱ्याच जातीची पुंगळी घडवतात. हे कसे साधते आणि कुठे अंगाशी येते, ते आपण पाहू.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा घरी करून पाहावे म्हणून हे सांगत नाही. पितळ नावाच्या ओळखीच्या धातूचा स्वभाव या कामात जितका उघडा पडतो तितका क्वचितच पडतो, म्हणून सांगतो.

पुंगळीची ठेवण माणसासारखी असते. खाली जाड, भरीव बूड, त्यावर धड, मग उतरता खांदा, वर अरुंद मान, आणि शेवटी तोंड. तोंडात गोळी बसवलेली असते. बार होतो तेव्हा आतल्या वायूचा दाब भयंकर असतो. ३०-०६ या अमेरिकन काडतुसात तो दर चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. त्या दाबाने पुंगळी फुगते, रायफलीच्या चेंबरला घट्ट चिकटते आणि वायूला मागे यायची वाट बंद करते. दाब उतरला की ती थोडी आखडते, म्हणून बाहेर काढता येते. फुगायचे, पण फाटायचे नाही. आणि परत थोडे आखडायचे! सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त अशा पितळेला हे छान जमते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. १९४५ साली महायुद्ध संपले आणि कितीतरी अमेरिकन सैनिक जर्मन माउझर रायफली घरी घेऊन आले. या रायफलीचे काडतूस ५७ मिलिमीटर लांब पुंगळीचे. अमेरिकेत मात्र जिकडेतिकडे पुंगळ्या ३०-०६ च्या, म्हणजे ६३ मिलिमीटर लांबीच्या. ‘मग कापा सहा मिलिमीटर, झालं काम!’ असे कुणीही म्हणेल. काम इतके सोपे नाही, पण शक्य आहे. आणि शक्य का आहे, हे कळायला पुंगळीच्या बुडाकडे पाहायला हवे.

जर्मन लष्कराने १८८८ मध्ये जे काडतूस घेतले, त्याच्या बुडाची रुंदी सुमारे १२ मिलिमीटर होती. अमेरिकेने १९०६ मध्ये ३०-०६ पक्के केले तेव्हा बूड जवळजवळ त्याच मापाचे ठेवले. पुढे १९२५ चे .२७० विंचेस्टर, १९५२ चे .३०८, १९५५ चे .२४३ ही सारी भावंडे त्याच बुडाची. हे महत्त्वाचे अशासाठी, की पुंगळीचा खांदा मागे सरकवता येतो, मान अरुंद किंवा रुंद करता येते, लांबी कापता येते. पण भरीव बूड काही बदलता येत नाही. म्हणून कारागीर आधी बूड जुळते का ते पाहतो, मग वरचा विचार करतो.

बूड जुळले की पुंगळीला तेल लावून ती पोलादी साच्यात दाबतात. खांदा मागे सरकतो, आणि जिथे जुना खांदा होता तिथे नवी मान उभी राहते. वर राहिलेला जास्तीचा भाग कापतात. जर्मन गोळी ८.२ मिलिमीटर जाड, अमेरिकन ७.८, म्हणून मान तेवढी रुंद करतात. इथे पहिला धोका. खांद्याचे पितळ मानेपेक्षा जाड असते. ते दाबून मान केली की मानेची भिंत जाड होते, आणि चेंबरमध्ये तिला फुगायला जागाच उरत नाही. गोळी मानेत आवळलेली राहते, दाब मर्यादेबाहेर चढतो. म्हणून मानेच्या भिंतीचे जादा पितळ कातून काढावे लागते, आणि नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर न राहता सूक्ष्ममापकाने मोजावे लागते.

दुसरी अडचण धातूच्याच अंगातली. पितळेची तार घेऊन तीच तीच जागा वाकवत राहा. आधी सहज वाकते, मग हट्ट धरते, आणि शेवटी तुटते. ठोकले, दाबले, ओढले की पितळ कडक होते. तांब्याचेही तसेच. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर भांडे ठोकता ठोकता मधेच भट्टीत तापवतो, ते याच कारणासाठी. तापवल्यावर धातूचे आतले ताणलेले कण नव्याने जुळतात आणि तो पुन्हा नरम होतो. पुंगळीची मान व खांदा असेच तापवतात. बूड मात्र कडकच राहिले पाहिजे, कारण साऱ्या दाबाला पाठीमागून आधार त्याचाच. ते नरम झाले तर पुंगळी बुडाशी फुटून वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. म्हणून काही लोक पुंगळ्या पाण्याच्या थाळ्यात उभ्या करून फक्त वरच्या भागावर आच धरतात. बूड पाण्यात, मान ज्योतीत!

आणि हे तापवणे केवळ सोयीसाठी नसते, हा धडा मिळाला तो आपल्याच देशात. इंग्रजी अमदानीत फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली असत. पुढे पाहावे तर कित्येक पुंगळ्यांना आपोआप चिरा गेलेल्या. ना कुणी ठोकले, ना बार झाला! ऋतूबरोबर येणारी भेग म्हणून इंग्रजांनी तिला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव दिले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या शास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला. घडवताना पितळेत ताण शिल्लक राहिला होता; घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि हवेतला ओलावा यांनी नेमका तो ताण गाठला. पुंगळी बेताच्या आचेवर तापवली की कडकपणा न जाता ताण निघून जातो, हा त्यावरचा उपाय. आजही जाणकार पुंगळी चकचकीत करायला अमोनिया असलेले पॉलिश वापरत नाहीत.

तिसरा धोका खांद्याचा. अशी पुंगळी चेंबरमध्ये खांद्याच्या आधारावर बसते. साच्यात खांदा गरजेपेक्षा केसभर जास्त मागे गेला, तर तेवढी फट राहते. बाराच्या वेळी धड चेंबरला चिकटते आणि बूड मागे सरकते. बुडाच्या जरा वरचे पितळ ताणले जाऊन पातळ होते, आणि एखाद्या बाराला तिथून पुंगळीचे दोन तुकडे होतात. सावध माणूस वाकवलेल्या तारेचे टोक आत फिरवून तिथे खाच लागते का ते चाचपतो.

इतके सांभाळूनही एक खोटेपणा पुंगळीवर शिल्लक राहतो. बुडावर कारखान्याचा ठसा असतो. पुंगळी नव्या मापाची झाली तरी ठसा ३०-०६ असाच! अमेरिकेचे मेजर जनरल ज्यूलियन हॅचर यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात, जर्मन काडतूस ३०-०६ च्या रायफलीत झाडल्याने रायफली फुटल्याच्या जुन्या घटना नोंदवल्या आहेत. तिथे सरमिसळ झाली होती. इथे तर ठसाच माणसाला चुकीच्या रायफलीकडे नेतो. म्हणून जाणता माणूस अशी काडतुसे वेगळ्या डब्यात ठेवतो, डब्यावर ठळक अक्षरांत नवे माप लिहितो, आणि डबा दुसऱ्याच्या हाती देत नाही. उद्या डब्याचा मालक नसेल, पण काडतूस असेल. आणि ते उचलणारा बुडावरचे नाव वाचूनच ते रायफलीत घालील.