खरेदीखत पक्के, पण वारस पुरे होते का?

कापडाची गाठ घेताना आम्ही व्यापारी तागा उलगडून, मीटर मोजून पैसे देतो. गोदाम घेताना मात्र उताऱ्यावरची नावे वाचली की इसार देऊन मोकळे. 1994 साली आम्ही हेच केले. मालक मरहूम, उताऱ्यावर बेवा आणि दोन मुलांची नावे. तिघांनी रजिस्ट्रारसमोर सह्या केल्या. तीन वर्षांनी परगावी दिलेली मुलगी दावा घेऊन उभी राहिली. आम्हाला संताप आला. वकीलसाहेब म्हणाले, बाई खऱ्या आहेत.

शरीयतप्रमाणे मालक वारताच प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो. अर्थात कर्ज, दफनखर्च आणि वसियत आधी. नंतर नाव लागो न लागो. हनफी हिशेबाने या जागेचे 40 भाग धरा : बेवेचे 5, प्रत्येक मुलाचे 14, मुलीचे 7. मग आम्ही पूर्ण जागेचे पैसे आणि पूर्ण मुद्रांक भरूनही विकत घेतले ते 33 भागच. उरलेल्या 7 भागांपुरती बाई आमच्या सहमालक! हिंदू एकत्र कुटुंबातल्या कर्त्यासारखा अधिकार आपल्याकडे थोरल्या भावाला नाही; तो बहिणीच्या वतीने विकू शकत नाही.

उताऱ्याचे म्हणाल तर तो महसुलाचा कागद. फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीला हरकत आली नाही, एवढ्याने वारसाचा हक्क बुडत नाही. बारा वर्षांच्या मुदतीवरही भिस्त ठेवू नये. ती कोणत्या दिवसापासून मोजायची, यावरच निम्मे खटले चालतात.

अज्ञान वारस असेल तर अधिक जपावे. आई मुलांचा सांभाळ करते, पण त्यांच्या स्थावराची कायदेशीर पालक ठरत नाही. तिने केलेली विक्री मुलांच्या हिश्श्यावर बंधनकारक नाही, असा निकाल प्रिव्ही कौन्सिलने 1918 मध्ये इमामबंदी खटल्यात दिला. मुलांच्या शिक्षणासाठी विकते, असे खतात लिहिले तरी भागत नाही. न्यायालयाने नेमलेला पालक आणि न्यायालयाची परवानगी लागते.

आता आम्ही इसारापूर्वी विक्रेत्याच्या मोहल्ल्यात जाऊन चहा घेतो आणि बहिणी किती, कुठे दिल्या, हे विचारतो. एवढी चौकशी कोणत्याच सर्च रिपोर्टात होत नाही.

आमच्या दाव्यात शेवटी तडजोड झाली. बाईंच्या 7 भागांचे आम्ही चालू भावाने पैसे मोजले आणि त्यांचे स्वतंत्र खरेदीखत नोंदवले. भावांनी मूळ रकमेतून काही परत केले नाही.