साडेसहा-सोळाचा टायर

जॅग्वारची डी-टाईप 1954 साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पहिल्यांदा उतरली आणि 1955, 1956, 1957 अशी सलग तीन वर्षं ती शर्यत तिनं जिंकली. तिच्यावर लिहिणारे माल्कम सेयर यांनी आखलेल्या अंगाच्या गोलाईवर लिहितात, डिस्क ब्रेकवर लिहितात, चालकाच्या डोक्यामागच्या उभ्या पंखावर तर भरभरून लिहितात. चाकांपाशी आले की मात्र एका ओळीत उरकतात: डनलॉप, 6.50-16. आज अशी गाडी पुन्हा शर्यतीत उतरवायची तर इंजिनाचे भाग नव्यानं ओतून, कातून घेता येतात, पत्रा ठोकून घेता येतो. सगळ्यात जास्त डोकं लागतं ते या एका ओळीला. बहुतेक जण सुरुवात करतात ती ‘सगळ्यात चांगली ग्रिप कुठल्या टायरची?’ या प्रश्नानं. माझ्या मते सुरुवातच तिथे चुकते. ही गाडी किती आणि कशा पकडीसाठी बांधली होती, हे आधी विचारायला हवं. त्याचं उत्तर मिळालं की टायरांची यादी आपोआप आखूड होते.

आधी तो आकडाच नीट वाचू. 6.50 म्हणजे टायरची रुंदी साडेसहा इंच आणि 16 म्हणजे रिमचा व्यास. जुन्या टायरची उंची त्याच्या रुंदीइतकीच, फार तर थोडी कमी असे. म्हणून सोळा इंचांच्या वर आणि खाली साडेसहा-साडेसहा इंच धरले की चाकाचा पूर्ण व्यास साधारण 29 इंच येतो. आता आजच्या दुकानात सहज मिळणारा 205/55 आर 16 घ्या. रिमचा व्यास तोच, पण चाकाचा पूर्ण व्यास जेमतेम 25 इंच. रिमची रुंदी त्याला जुळली असं गृहीत धरलं, तरी तो बसवल्यावर गाडी दोन इंच खाली येते आणि इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत सुमारे 14 टक्के कमी अंतर कापते. ल माँच्या सहा किलोमीटरच्या सरळ पट्ट्यावर ताशी 270 किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या गाडीचे दातेरी चक्रांचे सगळे हिशेब त्या 29 इंचांवर बेतलेले होते. एक रबर बदललं की ते सगळे विस्कटतात. टायर रिमवर बसला म्हणजे तो गाडीला बसला, असं होत नाही.

मापाहून खोल गोष्ट आहे ती बांधणीची. आपल्याकडे गॅरेजमध्ये टायरचे दोनच प्रकार बोलले जातात, नायलॉन आणि रेडियल. यातला नायलॉन म्हणजे क्रॉसप्लाय. अँबॅसडरचा 5.90-15 किंवा कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचा 5.20-14 ज्यांनी चालवला आहे, त्यांच्या हातांना त्याचा स्वभाव ठाऊक आहे. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी खाचेमागे जराशी सरकते, वळणावर अंग टाकते, पण काय होतंय ते आधी सांगते. क्रॉसप्लायमध्ये धाग्यांचे थर एकमेकांवर तिरके, जाळीसारखे असतात, त्यामुळे टायरची बाजू आणि तळ हे एकच कवच होऊन वाकतात. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि तळाखाली वेगळा, घट्ट पट्टा असतो. म्हणून बाजू मऊ राहते आणि तळ जमिनीला सपाट चिकटतो. वळताना कुठलंही चाक तोंड वळेल अगदी त्याच दिशेनं जात नाही, थोडं बाहेर सरकतं. रेडियलला या सरकण्याच्या लहान कोनातच जास्तीत जास्त पकड मिळते, आणि ती हद्द ओलांडली की पकड झपकन सुटते. क्रॉसप्लायची पकड मुळात कमी असते. ती मोठ्या कोनापर्यंत हळूहळू वाढते आणि हळूहळूच ओसरते. त्या काळच्या छायाचित्रांत गाड्या चारही चाकांवर तिरक्या घसरत वळण घेताना दिसतात, ती नुसती मर्दुमकी नव्हे. टायरची खरी पकड त्याच कोनात होती.

कोणी म्हणेल, मग क्रॉसप्लाय हा मागासलेला प्रकार झाला. रस्त्यापुरतं ते खरं आहे. मिशलँनं रेडियलचं पेटंट 1946 मध्ये घेतलं आणि रस्त्यावरच्या गाड्यांनी तो पुढे स्वीकारला. पण शर्यतीचं जग, जिथे सेकंदाच्या दहाव्या भागासाठी लोक जीव टाकतात, तिथे फॉर्म्युला वनमध्ये पहिला रेडियल आला तो 1977 साली, मिशलँनंच रेनोच्या गाडीला दिलेला. मधली तीस वर्षं त्या चालकांना आणि अभियंत्यांना नवं काही कळत नव्हतं, असं मानता येणार नाही. त्यांच्या गाड्यांची सस्पेन्शनं, चाकांचे कोन, स्प्रिंगांची ताकद, सगळं क्रॉसप्लायच्या वागण्यावर जुळवलेलं होतं. वळणात गाडी कलली की चाकही कलतं. क्रॉसप्लायचा गोलसर माथा ते सोसून नेतो, पण रेडियलचा सपाट पट्टा एका कडेवर उभा राहतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे. जास्त पकड म्हणजे कमी अंतरात थांबणं, मग ती नाकारणं हा जुन्याचा हट्ट नव्हे का? सार्वजनिक रस्त्यावर फिरवायच्या गाडीला हा आक्षेप मला मान्य आहे. साठच्या दशकातल्या गाडीला पिरेली चिंतुरातोसारखा त्याच काळातला रेडियल योग्य मापात मिळत असेल तर खुशाल घालावा. शर्यतीत गणित वेगळं होतं, कारण तिथे मिळालेली जादा पकड कोणी सुरक्षेसाठी राखून ठेवत नाही. पुढच्याच फेरीत ती वेगात खर्च होते. शिवाय पकड रबरात थांबत नाही. तारांच्या चाकात ती रिममधून तारांत, तारांतून हबमध्ये, तिथून चाक ज्यावर फिरतं त्या स्टब अ‍ॅक्सलमध्ये आणि शेवटी चासीत जाते. फेरारी 250 जीटीओ पुढे 6.00 आणि मागे 7.00 इंची, पंधराच्या टायरवर धावायची, आणि तिची चाकं तारांची होती. अशा चाकावर आजचं चिकट रबर चढवलं, तर साठ वर्षांपूर्वी कमी बळासाठी काढलेल्या धातूवर कोणी मोजलेला नाही असा ताण येतो. ज्या इंजिनांत तेल खालच्या परातीतच साठतं, त्यांत लांब वळणावर ते एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडतो आणि बेअरिंग जळतात. टायर घसरला तर गाडी फिरते. स्टब अ‍ॅक्सल तुटला तर चाक निघून जातं.

यामुळेच मोटार-शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या एफआयएच्या ऐतिहासिक शर्यतींच्या नियमावलीत गाडीच्या काळाप्रमाणे टायरही ठरवून दिलेले असतात, आणि डनलॉपचे ‘एल’ व ‘एम’ सेक्शन ही तिथली नेहमीची नावं आहेत. या सक्तीबद्दल दोन तक्रारी ऐकू येतात. पहिली अशी की आजचं रबर नवीनच आहे, मग जुनेपणाचा आग्रह कशाला? याला बुगाटीचं उदाहरण पुरेसं आहे. 3 ऑगस्ट 1924 रोजी लियाँच्या ग्रां प्रीमध्ये बुगाटी टाईप 35 पहिल्यांदा उतरली. खास बनवून घेतलेल्या टायरांचं रबर नीट व्हल्कनाईज झालेलं नव्हतं, भट्टीत कच्चं राहिलं होतं. धावता धावता तळाचे पट्टे सोलून निघाले. इतक्या देखण्या, विचारानं घडवलेल्या गाड्या सातव्या-आठव्या क्रमांकावर अडकल्या. त्या काळच्या रबराचा आणि सुती धाग्याचा दुबळेपणा जपण्यात काहीच अर्थ नाही. जपायचं आहे ते आकार, धाग्यांचा तिरपेपणा आणि पकडीची मर्यादा. म्हणूनच कुठल्याशा गोदामात सापडलेला, कधीच न वापरलेला साठच्या दशकातला टायर हा संग्रहालयात ठेवायचा ऐवज आहे. रबर नुसतं पडून राहिलं तरी हवेनं कडक होत जातं.

दुसरी तक्रार किमतीची आणि एकाच नावाच्या मक्तेदारीची. ती खोटी नाही. पण टायर बनतो तो साच्यात, आणि दर मापाला, दर नक्षीला वेगळा धातूचा साचा लागतो. वर्षाला थोडेच टायर खपणार असतील तर तो साचा वर्षातून एखाद-दोनदाच भट्टीवर चढतो. बर्मिंगहॅममधलं डनलॉपच्या शर्यती टायरांचं उत्पादन 2014 मध्ये थांबून युरोपात गेलं. विल्टशरमधल्या मेल्क्शमचा एव्हनचा कारखाना 2023 च्या अखेरीस बंद झाला. अमेरिकेत चॅटनूगाची कोकर, इंग्लंडात ब्लॉकली अशा थोड्या कंपन्या जुनी मापं जिवंत ठेवून आहेत. नियमानं एकच प्रकार ठरला की निदान त्या साच्याला दरवर्षी गिऱ्हाईक ठरलेलं असतं. प्रत्येकाला मोकळीक दिली तर मागणी दहा ठिकाणी वाटली जाईल आणि एकही साचा परवडणार नाही. महाग टायर परवडत नाही हे दुःख मोठं आहे, पण पैसे हातात असून टायरच न मिळणं त्याहून वाईट.

तेव्हा खरेदी हंगामाच्या आधी काही महिने करावी, चारही टायर एकाच खेपेतले मागावेत आणि त्यांची तारीख पाहावी. रस्त्यासाठी प्रमाणित टायरच्या बाजूवर 2000 सालापासून चार आकडे असतात. 0723 म्हणजे 2023 चा सातवा आठवडा. तारखेवर भागत नसेल तर ड्युरोमीटर असतो. घड्याळासारखी तबकडी आणि खाली बोथट टाचणी. ती रबरावर दाबली की कडकपणाचा आकडा दिसतो, आणि एका टायरचा आकडा बाकी तिघांहून चढा निघाला तर तो बाजूला ठेवावा. तारांचं चाक असेल तर आत ट्यूब हवीच, आणि तारांची टोकं तिला टोचू नयेत म्हणून रिमवर पट्टीही हवी. मग सरावाच्या चार फेऱ्या झाल्या की गाडी थांबताच तापमापकाची सुई गरम रबरात खुपसून आतली कड, मध्य आणि बाहेरची कड असे तीन आकडे वहीत उतरवायचे. मधला आकडा दोन्ही कडांहून चढा असेल तर हवा जास्त झाली आहे. थोडी सोडायची आणि गाडी पुन्हा ट्रॅकवर पाठवायची.