ओझरची द्राक्षे आणि युरोपचे हवामान धोरण

निफाड तालुक्यात बाणगंगेच्या काठी वसलेले ओझर विमान कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. या परिसराची दुसरी ओळख म्हणजे द्राक्षबागा. निर्यातीसाठी निवडलेले घड शीतगृहात थंड करून न्हावा-शेवा बंदरातून जहाजाने रॉटरडॅमकडे रवाना होतात. युरोपातील निर्णयांची झळ या बागांपर्यंत पोहोचते ती याच मार्गाने.

युरोपीय संघाने २०२१ मध्ये हवामानविषयक कायदा केला. हरितगृह वायूंचे निव्वळ उत्सर्जन १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत किमान ५५ टक्क्यांनी घटविणे आणि २०५० पर्यंत शून्यावर आणणे, हे त्याचे उद्दिष्ट होय. निव्वळ शून्य म्हणजे जेवढे वायू हवेत सोडले जातील, तेवढेच वने, जमीन इत्यादींच्या द्वारे शोषून घेणे.

परवान्यांची पद्धत

या धोरणाचे प्रमुख साधन २००५ पासून अमलात आहे. वीजकेंद्रे व मोठे कारखाने यांना प्रत्येक टन कर्बवायूमागे एक परवाना सादर करावा लागतो. परवान्यांची एकूण संख्या क्रमाक्रमाने कमी केली जाते. साहजिकच धूर सोडणे महाग आणि इंधन वाचविणे किफायतशीर ठरते.

१ जानेवारी २०२४ पासून मोठी जहाजेही या पद्धतीखाली आली. परदेशातून युरोपीय बंदरात येणाऱ्या फेरीचे निम्मे उत्सर्जन हिशेबात धरले जाते. त्यापैकी २०२४ साठी ४० टक्के, २०२५ साठी ७० टक्के आणि २०२६ पासून संपूर्ण उत्सर्जनाचे परवाने द्यावे लागतात. द्राक्षांवर थेट कार्बन आकार नाही. मात्र जहाज कंपन्या हा खर्च भाड्यावरील अधिभाराच्या रूपाने वसूल करतात. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. अंतर वाढले, तसे इंधनही अधिक जळाले.

बागेतील बचत

जहाजाचे इंधन शेतकऱ्याच्या हाती नाही. बागेतील खत व वीज मात्र आहे. नत्रखताचा अतिरेक झाल्यास जमिनीतून नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. त्याची उष्णता वाढविण्याची क्षमता कर्बवायूच्या सुमारे २७० पट आहे. माती परीक्षणानुसार ठिबकमधून दिलेले खत आणि सौर पंप यांमुळे उत्सर्जन व खर्च दोन्ही घटतात.

मोजमापाची ही शिस्त ओझरला नवी नाही. वाघाड कालव्याच्या शेपटाकडील येथील शेतकऱ्यांनी १९९० नंतर पाणीवापर संस्था स्थापून पाणी मोजून घेण्यास आरंभ केला. पाण्याप्रमाणेच खताचा व विजेचाही हिशेब ठेवणारा बागाईतदार उद्याच्या बाजारपेठेस अधिक समर्थपणे सामोरा जाईल, यात शंका नाही.