रिपेअरनंतर डिझेल इंजिन सुरू होईना? आधी धूर बघा

या भागाचं लेखी रूप मुद्दाम जरा आवरून देतोय, कारण हाताला डिझेल लागलेलं असताना ऑडिओ मागेपुढे करत बसणं जमत नाही. विषय एवढाच: इंजिन कामाला काढलं तेव्हा चालू होतं, काम झालं, आणि आता सुरूच होत नाही. बोलतोय ते मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाबद्दल, म्हणजे जुने ट्रॅक्टर, जनरेटर, विहिरीवरची इंजिनं.

मी सॉफ्टवेअरवाला. काल चालणारी गोष्ट आज बंद पडली की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, मधे काय बदललं? इथेही तेच. फक्त फिल्टर बदलला असेल तर कॉम्प्रेशन रातोरात जात नाही, आणि पंपही सहसा जात नाही. तरी 'पंप गेला' हे वाक्य सगळ्यात आधी ऐकू येतं.

काकांच्या ट्रॅक्टरचं घ्या. फिल्टर बदलला, चारही नोझल काढून तपासून परत बसवले. रान वाफशावर आलेलं, दोन-तीन दिवसांत पेरणी झाली नाही तर ओल उडणार. आणि फिटर म्हणतोय, पंप उतरवून तालुक्याला पाठवू, आठवडा लागेल. मी फोनवर एकच विचारलं, "काका, सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतोय का?"

"अरे, कसला धूर? काहीच नाही."

या उत्तराने अर्धं काम होतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा १६ ते २२ पट दाबली जाते, ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. सेल्फ मारताना पांढरा धूर आला, तर डिझेल पोचतंय पण जळत नाहीये. धूरच नसेल, तर डिझेल पोचतच नाहीये. दोन्हींचा शोध वेगळ्या दिशेने.

धूर नसेल तर आधी फुकटातल्या गोष्टी बघा: टाकीचा कॉक उघडा आहे का, इंजिन बंद करायचा नॉब ओढलेलाच राहिलाय का. हसू नका, हे होतं. मग एअर. नोझल उघडायला साधारण २०० बार दाब लागतो, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास शंभरपट. डिझेल दाबलं तर फारसं आक्रसत नाही, हवा आक्रसते. पाइपात बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो आणि नोझल उघडतच नाही.

एअर काढायची ती टाकीकडून नोझलकडे, क्रमाने. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँड प्रायमर मारा. आधी फेस येईल, मग नितळ डिझेल. स्क्रू आवळा. तसंच पंपावरच्या स्क्रूचं. बरेच जण इथे थांबतात, काकांचा फिटरही इथेच थांबला होता. पण नोझल काढले होते ना? मग पंपापासून नोझलपर्यंतचे पाइपही रिकामेच असणार. गिअर न्यूट्रलला ठेवून, रेस पूर्ण देऊन, नोझलजवळचे नट थोडे ढिले करायचे आणि सेल्फ मारायचा. एका वेळी १० सेकंद, मग एखादा मिनिट विश्रांती, नाहीतर स्टार्टर जळतो. नटांमधून डिझेल उसळायला लागलं की आवळा. काकांचा ट्रॅक्टर तिसरा नट आवळतानाच धडधडायला लागला.

फवाऱ्यासमोर बोट मात्र धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं, बाहेर सुईएवढी खूण दिसते आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर थेट हॉस्पिटल. आणि नव्या कॉमन रेल इंजिनाचे नट अजिबात ढिले करू नका, तिथे दाब १००० बारच्या वर जातो.

सुरू होऊन पाच मिनिटांत बंद पडत असेल तर तांब्याचे वॉशर बघा. जुनेच परत टाकले की तिथून हवा ओढली जाते. टाकी खाली असलेल्या जनरेटरला तर बाहेर थेंबही दिसत नाही.

पांढरा धूर येत असेल तर आधी बॅटरी आणि अर्थची वायर. इंजिन सावकाश फिरलं की हवा पुरेशी तापत नाही. ते ठीक असेल आणि पंप खरंच उतरवला गेला असेल, तर टायमिंग. पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. पिस्टन दर फेरीला वर येतो, पण एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. चुकीच्या फेरीवर पंप बसवला तर खुणा जुळलेल्या दिसतात आणि डिझेल पूर्ण एक फेरी चुकून पडतं. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना, हे टॅपेट कव्हर काढून बघता येतं.

आणि पंप उतरवायचाच असेल, तर आधी त्याच्या फ्लँजवर आणि इंजिनावर मिळून छिन्नीने एक रेघ मारून ठेवायला सांगा. बसवताना तीच जुळवायची.