बारा मिनिटांची पैज

जानेवारी १९४२. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर ‘डेली टेलिग्राफ’च्या कचेरीत स्पर्धक कोड्यावर वाकून बसले होते. गूढ शब्दकोडं १२ मिनिटांत सोडवायचं होतं. ५ जणांनी वेळ गाठली. त्यातला एक स्पेलिंग चुकल्याने बाद झाला.

स्टॅन्ली सेजविक यांचा एकच शब्द राहिला आणि घंटा वाजली. तरीही काही आठवड्यांनी युद्ध खात्याचं पत्र आलं. पुढे ते ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या गुप्त संकेतभेद केंद्रात जर्मनांचे हवामानाचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामाला लागले.

अशा कोड्यातल्या सूत्राचे दोन भाग असतात : एकात सरळ अर्थ, दुसऱ्यात अक्षरांची करामत. सांधा मात्र दिसू द्यायचा नाही. मराठीत नमुना करायचा तर, ‘रस उलटला, मोत्यांचा गळ्यात (२)’. ‘उलटला’ ही खूण. ‘रस’ उलटा वाचला की ‘सर’. उरलेले शब्द म्हणजे त्याचा अर्थ. कंसात अक्षरांची संख्या.

‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात १९२६पासून एडवर्ड पॉविस मॅथर्स अशी कोडी रचत. टोपणनाव? टॉर्केमाडा, म्हणजे छळासाठी कुप्रसिद्ध स्पॅनिश धर्माधिकारी! त्यांचे वारसदार डेरिक मॅकनट यांनीही तशाच एका धर्माधिकाऱ्याचं नाव घेतलं : झिमेनीझ.