नखांत उमटलेले दिवस

नख म्हणजे केराटिन या प्रथिनाचे एकमेकांवर बसलेले पापुद्रे. हाताचे नख मुळाशी घडते, महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर पुढे सरकते. त्यामुळे शरीरावर गुदरलेले त्यावर काही महिने वाचता येते.

बुलढाणा जिल्ह्यात हे ठळकपणे दिसले. जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस मुळासकट हातात येऊ लागले. एप्रिलमध्ये त्यांतल्याच अनेकांची नखे वेडीवाकडी झाली, काहींची गळाली. वैद्यकीय संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांना तिथल्या रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार जास्त आढळले.

नखे बिघडण्याचे गावोगावी जास्त दिसणारे कारण मात्र लोहाची कमतरता. लोह कमी असलेल्या बाईचे नख फिकट, पातळ होते. पुढे ते चमच्यासारखे इतके खोलगट होते की पाण्याचा थेंब त्यावर ठरतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता; ही खूण हलक्यात घेण्यासारखी नाहीच.

उभ्या बारीक रेघा आणि मंदावलेली वाढ बहुधा वयाची. पांढरे ठिपके कॅल्शियमचे नव्हेत, बहुतेकदा जुन्या माराचे. एकाच नखात नवी काळी रेघ उमटून रुंदावत असेल, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञाकडे लगेच जावे. ती क्वचित कर्करोगाची खूणही असते.